एकत्र कुटुंब खरेच मोडत चालले आहे का? समाजशास्त्राचे आजचे म्हणणे काय आहे?

आपण विचारले आहे की, ‘एकत्र कुटुंबे संपली असे जो तो म्हणतो, समाजशास्त्रातले संशोधनही तसेच सांगते, की अभ्यासकांमध्ये याविषयी वाद आहे?’ मी बडोद्यात अनेक वर्षे उच्च माध्यमिक वर्गांना समाजशास्त्र शिकवले. या प्रश्नावरचा सर्वांत कसदार विचार याच शहरात झालेला असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. वाद आहे आणि तो मिटलेला नाही. मात्र ‘संपली’ हे विधान जसेच्या तसे मान्य करणारे अभ्यासक आज फार थोडे सापडतील.

आधी एक अनुभव सांगतो. 2011 च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या कामासाठी मी दांडिया बाजाराच्या मागच्या बाजूला एका जुन्या मराठी वाड्यात गेलो होतो. खाली थोरल्या भावाचे बिऱ्हाड, वर धाकट्याचे, आणि आई खालच्या ओसरीवर. जनगणनेच्या व्याख्येनुसार जे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात जेवतात, त्यांचे एक कुटुंब धरायचे असते, म्हणून मी आजींना विचारले, “स्वयंपाक एकत्र होतो का?” त्या म्हणाल्या, “पोळ्या ज्याच्या त्याच्या, आमटी माझी.” संध्याकाळी त्यांच्या पातेल्यातली आमटी डब्यातून वर जात असे, आणि दोन्ही मजल्यांचे विजेचे बिल थोरला भाऊ भरत असे. गॅसच्या शेगड्या दोन होत्या, म्हणून मी दोन कुटुंबे लिहिली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, पण त्या घरात जे चालले होते त्यातले निम्मेसुद्धा माझ्या तक्त्यात उतरले नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

आपल्या भाषेत ‘बिऱ्हाड’ आणि ‘कुटुंब’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि वादाचे मूळ नेमके या दोहोंच्या अंतरात आहे. भावांनी वेगळी चूल मांडली की बिऱ्हाडे दोन होतात. कुटुंब दोन झाले की नाही, हा निराळा प्रश्न असतो. एकोणिसाव्या शतकातल्या हेन्री मेन यांच्यासारख्या विद्वानांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ आणि वारसाहक्काचे कायदे वाचून हिंदू एकत्र कुटुंबाचे चित्र उभे केले, आणि पुढे ग्रंथातली तीच प्रतिमा भूतकाळातली वस्तुस्थिती म्हणून रूढ झाली. 1951 मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आलेल्या एम. एन. श्रीनिवास यांनी ग्रंथातून दिसणारा समाज आणि प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन दिसणारा समाज यांत भेद करण्याचा आग्रह धरला. त्यांच्याच विभागातल्या आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा या लहान शहरातल्या सुमारे सव्वाचारशे कुटुंबांची पाहणी केली आणि असे दाखवले की, एका छपराखाली न राहणारे लोकही मालमत्ता, लग्नकार्याचा खर्च, आजारपण आणि परस्परांची जबाबदारी यांनी बांधलेले असतात. म्हणून ‘एकत्र की विभक्त’ असे दोन कप्पे न करता एकत्रपणाच्या पायऱ्या मोजाव्यात.

या विभागात घडलेल्या ए. एम. शहा यांनी पुढचे पाऊल टाकले, आणि माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे होते. मध्य गुजरातेतल्या राधवणज गावाच्या 1825 सालच्या नोंदी त्यांना मिळाल्या. त्या त्यांनी 1950 च्या दशकातल्या आपल्या क्षेत्रकार्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा सुमारे एकशेतीस वर्षांमागच्या त्या गावातही लहान, साध्या घरांचेच प्रमाण जास्त असल्याचे दिसले. म्हणजे ज्या सुवर्णकाळापासून आपण घसरलो असे समजतो, तो काळ तशा रूपात नव्हताच. शिवाय घर ही स्थिर वस्तू नाही. मुलाचे लग्न झाले की ते वाढते, भाऊ वेगळे झाले की आटते, नातवंडे झाली की पुन्हा वाढते. त्यामुळे एका दिवसाच्या गणनेवरून ‘मोडले’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

आकड्यांविषयी बोलताना फार जपून राहावे लागते. 2001 च्या जनगणनेत दर घरामागे सरासरी 5.3 माणसे होती, 2011 मध्ये ती 4.9 च्या आसपास आली आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 4.4 इतकी आढळली. यावरून एकत्र कुटुंब संपत आल्याची बातमी सहज होते, परंतु या घटीचा मोठा भाग मुले कमी जन्मल्याचा आहे. समजा, एका बापाला तीन मुलगे आहेत आणि आईवडील एकाजवळ राहतात. मग तीन घरांपैकी एक एकत्र ठरते. मुलगा एकच असेल आणि आईवडील त्याच्याजवळ असतील, तर त्या वंशातले एकुलते एक घर एकत्र असते. त्यातच स्वातंत्र्याच्या सुमारास जे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते ते आज सत्तरीजवळ गेले असल्याने आजी-आजोबांबरोबर काढलेली वर्षे वाढली आहेत. घर लहान होणे आणि विभक्त होणे या दोन गोष्टी एकच नव्हेत.

1963 मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम गूड यांनी उद्योगीकरणाबरोबर जगभरची कुटुंबे पतिपत्नीकेंद्री होत जातील असे मांडले होते. संशोधक एत्येन ब्रेतों यांनी 1983 ते 2009 या काळातली भारताची आकडेवारी तपासून 2019 मध्ये जे लिहिले, त्यानुसार येथे हा बदल त्या भाकिताच्या मानाने फारच मंद आहे. मग आज वाद कशावर आहे? माझ्या वाचनात तो आता संख्येवरून घराच्या आतल्या व्यवहाराकडे वळला आहे, आणि हे वळण मला आवश्यक वाटते. स्त्रीवादी अभ्यासक विचारतात की, एकत्रपणाचे ओझे उचलते कोण? 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला 299 मिनिटे त्यात गेल्याचे दिसले, तर ते करणाऱ्या पुरुषांची 97. एकत्र कुटुंबाच्या प्रेमाने लिहिणाऱ्या जुन्या पिढीने, आमच्यासकट, हा प्रश्न पुरेसा विचारला नव्हता, हे मी स्वच्छ मान्य करतो. दुसरीकडे कायद्यातले कुटुंब वेगळ्याच वाटेने चालते: हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हक्काची भागीदार, झाली, आणि आयकरातले ‘हिंदू अविभक्त कुटुंब’, म्हणजे करासाठी एकच घटक मानलेले कुटुंब, तर चुली कधीच वेगळ्या झालेल्या भावांतही खात्यापुरते अविभक्त राहू शकते. मुले कॅनडात किंवा अमेरिकेत असलेली घरे आमच्या गल्लीतही आहेत; औषधाचा खर्च तिकडून येतो, रोजचा फोन येतो, पण रात्री ताप भरला तर शेजारी धावतात. अशा घराला काय म्हणावे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

आपण याच विषयावर प्रबंधिका लिहिणार असाल, तर प्रश्नावलीत ‘आपले कुटुंब एकत्र आहे की विभक्त?’ हा प्रश्न ठेवू नये. रात्रीची आमटी कोणाच्या पातेल्यातली असते, ती कोण करते, विजेचे बिल कोण भरते, घराचे कागद कोणाच्या नावावर आहेत आणि आईला दवाखान्यात कोण नेते, हे प्रत्येक घरी स्वतंत्रपणे विचारावे, आणि शक्य असेल तर सुनेला सासूच्या गैरहजेरीत विचारावे.