हप्ते माझे, गाडी कोणाची?

प्रश्न : माझ्या मामेभावाने कर्ज काढून मोटार घेतली होती. 60 हप्त्यांपैकी 14 हप्ते भरल्यावर त्याची ओढाताण होऊ लागली, तेव्हा ‘पुढचे हप्ते तू भर, गाडी तुझीच समज’ असे म्हणून त्याने किल्ली माझ्या हाती दिली. त्यानंतरचे 26 हप्ते मी दरमहा त्याच्या खात्यात जमा केले. विमा, टायर, दुरुस्ती हा खर्चही माझाच. लेखी काहीही नाही. आता त्याचे बरे चालले असून तो गाडी परत मागतो आणि मी भरलेले पैसे म्हणजे वापराचे भाडे होते, असे सांगतो. गाडीवर माझा हक्क आहे की नाही?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन व्यवहार एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी सुटे करू. पहिला व्यवहार मामेभाऊ आणि कर्ज देणारी संस्था यांच्यातला असून त्यात आपण कोठेही नाही. ऋणको बदलायचा तर धनकोची संमती लागते, हे तत्त्व रोमन कायद्याइतके जुने आहे. त्यामुळे संस्थेच्या लेखी सर्व हप्ते मामेभावानेच भरलेले आहेत आणि पैसे कोणाच्या खिशातून आले याच्याशी तिला कर्तव्य नाही. नोंदणीपुस्तकावर नाव त्याचे आणि बोजा संस्थेचा, अशा स्थितीत केवळ हप्ते भरल्याने आपण मालक झालात, असे म्हणता येणार नाही.

दुसरा व्यवहार आपणा दोघांमधला आहे आणि तो तोंडी झाला. तोंडी ठरलेल्या गोष्टीलाही पुष्कळदा कायद्यात किंमत असते. मात्र नेमके काय ठरले होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी हक्क सांगणाऱ्यावर येते. येथे सगळा वाद ‘समज’ या एका शब्दावर उभा आहे. त्याचा अर्थ ‘आजपासून तुझी’ असा होतो, ‘शेवटचा हप्ता फिटल्यावर तुझी’ असा होतो आणि ‘तोवर हवी तशी वापर’ असाही होतो. बोलताना दोघांनीही आपापल्या सोयीचा अर्थ मनात धरला असावा, आणि मला यात लबाडीपेक्षा मोघमपणाच अधिक दिसतो.

आपल्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी आहेत. भाडे हे सहसा वापराच्या मानाने ठरते. आपली रक्कम दरमहा हप्त्याइतकीच असेल, तर ती भाडे म्हणून ठरली होती, हे पटवणे मामेभावाला जड जाईल. भाडेकरू दुसऱ्याच्या गाडीला स्वखर्चाने नवे टायर घालत नाही, हेही खरे. उलट बाजूने तो विचारेल, की घेताना पदरची भरलेली रक्कम आणि पहिले 14 हप्ते मी तुला फुकट का सोडीन? या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार हवे, कारण कोणताही मध्यस्थ प्रथम तेच विचारील.

आता हिशेब पाहू. आपण व्याजदर कळवलेला नाही. वार्षिक 9 टक्के धरला, तर 100 भाग कर्जापैकी 14 हप्त्यांनंतर सुमारे 80.5 भाग मुद्दल शिल्लक राहते आणि 40 हप्त्यांनंतर सुमारे 38.4. म्हणजे आपल्या 26 हप्त्यांतून साधारण 54 भाग रक्कम गेली. त्यात मुद्दलाची फेड 42 भागांची आणि बाकीचे 12 भाग व्याज. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो आणि पुढे तो घटत जातो, त्यामुळे नुसते हप्ते मोजून वाटणी केली तर ती चुकते. संस्थेकडून हप्तेवार उतारा मागवा. तो कर्जदारालाच मिळतो, तेव्हा तो आणण्याच्या निमित्ताने मामेभावाशी बोलणेही होईल.

तडजोडीचे दोन मार्ग मला दिसतात. गाडी आपण ठेवणार असाल, तर किल्ली हाती आली त्या दिवशीची गाडीची बाजारातील किंमत काढून तीतून त्या दिवशीचे शिल्लक कर्ज वजा करावे. जे उरेल ते मामेभावाचे. काहीच उरले नाही किंवा कर्जच किमतीहून जास्त निघाले, तर त्याची मागणी पोकळ ठरते. उरलेले 20 हप्ते आपण फेडायचे आणि बोजा उतरताच नोंदणी आपल्या नावावर करायची, हे लिहून सही घ्यावी. गाडी परत द्यायची ठरली, तर आपण फेडलेले मुद्दल परत मिळावे, मात्र त्यातून आपल्या वापराच्या काळातील घसारा वजा व्हावा. व्याज, विमा आणि नित्याची दुरुस्ती हा वापराचा खर्च म्हणून आपण सोसावा. घसारा वजा केल्यावर हाती फारसे उरणार नाही, याची मनाची तयारी मात्र असू द्या.

रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. कर्ज थकले की संस्था गाडी ओढून नेते, मग ती कोणाच्या दारात उभी आहे हे पाहिले जात नाही. शिवाय संस्थेच्या परवानगीवाचून गाडीचा ताबा दुसऱ्याला देणे हा बहुतेक कर्जकरारांत अटीचा भंग असतो. म्हणून तिच्याकडे जाल ते दोघे मिळून जा.

प्रश्न : मोटारीचे कर्ज माझ्या नावावर आहे, पण गाडी माझे धाकटे दीर वापरतात आणि हप्तेही तेच देतात. हप्ता 5 तारखेला कापला जातो, त्यांचे पैसे 7 तारखेला येतात. यामुळे तीनदा हप्ता परत गेला आणि आता मला घरासाठी कर्ज नाकारले आहे. ते म्हणतात, ‘वहिनी, पैसे तर मी देतोच ना!’

उत्तर : त्यांचे म्हणणे खरे असूनही निरुपयोगी आहे. पतनोंदीत दोन दिवसांचा उशीर कोणामुळे झाला हे लिहिलेले नसते, फक्त आपले नाव असते. हप्त्याची तारीख पुढे घेता येते का ते संस्थेला विचारा. तोवर एका हप्त्याची रक्कम आगाऊ खात्यात ठेवायला दिरांना सांगा आणि झालेला दंड त्यांच्याकडून घ्या. दिरांनी स्वतःच्या नावावर कर्ज काढून आपले कर्ज मिटवणे आणि गाडी नावावर करून घेणे, हा यातला सर्वांत स्वच्छ उपाय आहे. त्यांना कर्ज मिळत नसेल, तर गाडी विकून कर्ज फेडावे, असे मी सुचवीन. घराच्या कर्जापुढे या गाडीचा लोभ धरू नये.

प्रश्न : काकांच्या गाडीचे हप्ते मी भरत होतो. काका वारले. आता पुढचे हप्ते भरावेत का?

उत्तर : गाडी आणि कर्ज दोन्ही आता काकांच्या मिळकतीचा भाग झाले आहेत आणि आपला दावा असलाच, तर तो वारसांकडे आहे. कर्जासोबत काकांच्या जिवाचा विमा उतरवला होता का, हे आधी पाहा. असल्यास शिल्लक रक्कम त्यातून भागू शकते. नसल्यास पुढचा हप्ता भरण्यापूर्वी आजवर आपण भरलेल्या रकमांचा हिशेब मांडून त्यावर सर्व वारसांच्या सह्या घ्या. काय ठरले होते हे सांगणारे दुसरे माणूस आता राहिलेले नाही.