मशीन लर्निंगने स्टीलची झीज आणि गंज यांचा अंदाज येतो का? सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रकल्पासाठी कोणतं मॉडेल घेऊ?

अंदाज येतो. पण मॉडेल कोणतं हा प्रश्न शेवटचा. मी कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे, हौस म्हणून हा खेळ करून तोंडावर आपटलोय, म्हणून सांगतो.

ऑफ सीझनला आम्ही बॉयलरच्या नळ्यांची आणि आयडी फॅनच्या (बॉयलरचा धूर ओढून चिमणीकडे ढकलणाऱ्या पंख्याच्या) पात्यांची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने, म्हणजे धातूत आवाजाच्या लहरी सोडून जाडी सांगणाऱ्या यंत्राने, मोजतो. पाच-सहा हंगामांच्या वह्या एक्सेलमध्ये चढवल्या, तर काही नळ्या वर्षागणिक जाड होत चाललेल्या! झालं असं की फिटरने एका वर्षी जागा घासून, जेल लावून मोजलं आणि पुढच्या वर्षी रंगावरच प्रोब टेकवला. रंगात आवाज स्टीलपेक्षा खूप हळू जातो, त्यामुळे 0.2 मिमी रंग गेजला जवळपास अर्धा मिमी स्टील वाटतो. वर्षाची खरी झीजच काही ठिकाणी तेवढी असते. आता मोजायच्या प्रत्येक जागेभोवती तेलरंगाने गोल काढलाय आणि आत घासूनच मोजायचं असा दंडक आहे.

दुसरी चूक माझी स्वतःची. सगळा डेटा पिसून 80 टक्क्यांवर रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी काढणारं मॉडेल) शिकवलं, 20 टक्क्यांवर तपासलं. निकाल इतका देखणा की साहेबांना दाखवून आलो. पण एकाच पात्याची एका बाजूची नोंद शिकवण्यात, दुसऱ्या बाजूची तपासणीत. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. मग 2019 च्या महापुरानंतरचा हंगाम पूर्ण बाजूला काढला आणि आधीच्या वर्षांवर शिकवून त्याचा अंदाज मागितला. पूरबुडीतला ऊस गाळासकट आला होता, चिपाडातून रेती बॉयलरमध्ये, तिथून राखेबरोबर फॅनवर. मॉडेल म्हणालं, पाती हंगाम काढतील. प्रत्यक्षात तो फॅन जानेवारीतच थरथरायला लागला होता. रँडम फॉरेस्टने जेवढी झीज पाहिलीय त्याच्यापुढचा आकडा ते देऊच शकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून तपासणी हंगामाप्रमाणे करा, नोंदी पिसून नाही. आणि मॉडेलला थोडं शास्त्र आयतं द्या. कणांच्या माऱ्याने होणारी झीज वेगाच्या साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या घाताप्रमाणे वाढते, तेव्हा नुसता वेग नको, घात करून घाला. उसाबरोबर येणारी माती हा रकाना हवाच. आमच्याकडे तो नव्हता.

गंज आणि झीज वेगवेगळी काढून बेरीज करू नका. कच्च्या रसाचा पीएच साधारण 5 ते 5.5. त्या आम्लाने स्टीलवर गंजाचा थर धरतो, रसातली रेती तो खरवडते, खालचं कोरं स्टील पुन्हा रसाला उघडं. बेंडवर ही रेती जास्त आदळते, म्हणून रसाच्या लाईनच्या बेंडना सरळ पाइपाआधी भोकं पडतात. बेंड आहे की सरळ, एवढा एक रकाना खूप काम करतो.

बाकी मॉडेल साधंच घ्या. आधी 'मागच्या वर्षी जेवढं झिजलं तेवढंच यंदा' हा अंदाज मांडा आणि मशीन लर्निंग त्याला हरवतं का ते पाहा. निम्म्या जागांवर आमचं अजून हरवत नाही. नोंदी हव्या असतील तर जवळच्या कारखान्यात बॉयलर उघडा असताना रीतसर पत्र घेऊन जा, आणि फिटर मोजत असताना शेजारी उभे राहा.