फुईची गाणी, कूलरची घरघर आणि घरचा संगणक

घरच्या संगणकावर आवाज ऐकणे, मुद्रित करणे आणि दुरुस्त करणे यांविषयी खान्देशातील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा अधिक दिली आहे, कारण त्यातील आवाज दुसऱ्यांदा मिळण्याची शाश्वती कोणालाच देता येत नाही.

प्रश्न : आमची फुई (आत्या) दरवर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येते. गौराईची आणि झोक्यावरची कितीतरी अहिराणी गाणी तिला तोंडपाठ आहेत आणि ती कुठेही लिहिलेली नाहीत. गेल्या वर्षी लॅपटॉप समोर ठेवून ती रेकॉर्ड केली, पण कूलरची घरघर इतकी आली की शब्दच लागत नाहीत. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज साफ केला, तर फुई पाण्याखालून गात असल्यासारखे वाटते. यंदा काय करावे? — एक वाचिका, पारोळा

उत्तर : ऑडॅसिटीतील ‘नॉइज रिडक्शन’, म्हणजे गोंगाट कमी करणारा पर्याय, कसा चालतो हे पाहिले की पाण्याखालच्या आवाजाचे कारण लक्षात येते. नुसता कूलर वाजत असलेला एक तुकडा आपण त्याला नमुना म्हणून दाखवतो. त्या नमुन्यात कोणत्या कंप्रतेला (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला) किती आवाज आहे याचा हिशोब तो मांडतो आणि मग संपूर्ण मुद्रणात, त्या त्या कंप्रतेला जिथे आवाज त्या पातळीच्या आसपास किंवा खाली असेल, तिथे तो दाबून टाकतो. कूलरचा आवाज एकाच ठिकाणी असता तर हे छान जमले असते. पण पात्यांची आणि वाहत्या हवेची सळसळ खालच्या कंप्रतांपासून वरच्या कंप्रतांपर्यंत पसरलेली असते आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने त्याच सळसळीत मिसळलेली असतात. सळसळ दाबली की व्यंजनेही दबतात, आणि जे तुकडे अर्धवट उरतात त्यांचा तो बुडबुड्यांसारखा आवाज येतो. गेल्या वर्षीचे मूळ मुद्रण मात्र पुसू नका. त्याची प्रत काढून नॉइज रिडक्शनचा आकडा 12 डेसिबल असेल तर 6 वर आणून पाहा. घरघर थोडी राहील, पण शब्द बहुधा परत लागतील. शब्द ऐकू येणे हे आवाज स्वच्छ असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

यंदासाठी सर्वांत मोठा उपाय कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही, तो अंतरात आहे. तोंड आणि मायक्रोफोन यांतील अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. लॅपटॉप फुईंपासून मीटरभर दूर होता असे धरले आणि यंदा वायरचा साधा मायक्रोफोन त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला, तर अंतर दोनदा निम्मे होते, म्हणजे गाणे जवळजवळ 12 डेसिबलने वर येते आणि खोलीतली घरघर होती तिथेच राहते. जे काम सॉफ्टवेअरने गळा दाबून केले, तेच काम इथे गळ्याला धक्का न लावता होते. मायक्रोफोन अगदी ओठांसमोर न ठेवता किंचित बाजूला, गालाच्या रेषेत धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना सुटणाऱ्या हवेचा धक्का त्यावर बसणार नाही. लॅपटॉपच्या अंगचा मायक्रोफोन शक्यतो वापरूच नका, कारण त्याच्याशेजारीच लॅपटॉपचा स्वतःचा पंखा फिरत असतो.

आखाजीच्या दिवसांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना कूलर बंद करा असे सांगणे सोपे नाही, आणि घामाघूम झालेल्या माणसाकडून गाणे निघतही नाही. म्हणून वेळ पहाटेची ठेवा. घर जुने, धाब्याचे असेल तर आतली खोली मुळातच गार असते आणि कूलरची गरज पडत नाही. स्लॅबच्या, फरशीच्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून घुमतो. तिथे फुईंच्या पाठीमागे आणि समोर दोन जाड गोधड्या दोरीवर टाका. त्याने घुमणे चांगलेच कमी होते.

संगणकात एक गोष्ट आवर्जून तपासा. विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये मायक्रोफोन निवडल्यावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ असा पर्याय बऱ्याच संगणकांवर दिसतो. तो बंद करा. त्यातील आवाज-शुद्धीची सोय बोलण्यासाठी बनवलेली असते. एकाच पातळीवर सतत टिकून राहणारा आवाज म्हणजे खोलीतला गोंगाट, असे ती धरून चालते. गाण्यातला लांबवलेला सूर तिला तसाच वाटतो आणि ओळीच्या शेवटी फुईंनी ताणलेला स्वर ती मध्येच खाऊन टाकते. हा बिघाड मुद्रणाच्या क्षणीच होतो आणि नंतर दुरुस्त होत नाही.

आवाजाची पातळी ठरवताना फुईंना त्यांच्या सर्वांत चढ्या गाण्याची एक ओळ म्हणायला सांगा आणि त्या वेळी मीटरचा काटा उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान जाईल असे पाहा. शून्याला, म्हणजे मीटरच्या सर्वांत वरच्या पातळीला, टेकला की लहरींची टोके छाटली जातात आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज सांधता येत नाही, हळू आलेला मात्र वाढवता येतो. मुद्रण 44.1 किलोहर्ट्झ, मोनो (एकाच वाहिनीचे), वेव्ह (WAV) स्वरूपात करा. मायक्रोफोन एकच असताना स्टिरिओने जागेखेरीज काही वाढत नाही. 16 बिटला तासाभराच्या मोनो मुद्रणाला सुमारे 320 एमबी लागतात, म्हणजे साध्या पेन ड्राइव्हवरही ही गाणी सहज मावतील. एमपी3 नातेवाइकांना पाठवण्यासाठी करा, जपण्यासाठी वेव्हच ठेवा, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरी राहू द्या. प्रत्येक गाण्याआधी फुईंच्याच तोंडून गाणे कशाचे, कोणाकडून शिकल्या, कोणत्या गावचे, हे वदवून घ्या. फाइलचे नाव बदलते, पण आवाजात नोंदलेली माहिती गाण्याबरोबर राहते.

एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. खोलीत एकटीने म्हटलेले गाणे आणि झोक्यावर चारचौघींबरोबर म्हटलेले गाणे एकसारखे नसते. लय झोक्याची असते, आणि मागून येणाऱ्या बायकांच्या आवाजाने गाणे पुढे सरकते. शब्दांसाठी पहाटे खोलीत मुद्रण करा, आणि चालीसाठी एकदा निंबाच्या झाडाखाली, दोराच्या करकरीसकट करा. ती करकर अजिबात साफ करू नका.

प्रश्न : वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेटी घरात आहेत. टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपला जोडली, पण आवाज फाटका येतो आणि एकाच कानात ऐकू येतो. — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : आपण टेपरेकॉर्डरचा आवाज मायक्रोफोनच्या भोकात दिला आहे. मायक्रोफोनमधून येणारा विद्युत संदेश अत्यंत क्षीण असतो, त्यामुळे ते भोक आत आलेला आवाज अनेक पटींनी वाढवते, आणि बहुतेक लॅपटॉपवर ते मोनोच असते. डेस्कटॉप संगणकाच्या पाठीमागे गुलाबी भोक मायक्रोफोनचे, हिरवे स्पीकरचे आणि निळे ‘लाइन इन’चे, म्हणजे दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घेण्याचे, असते. टेपरेकॉर्डर निळ्यात जोडायचा. लॅपटॉपला निळे भोक नसते. त्यासाठी यूएसबीला लागणारे छोटे साउंड कार्ड मिळते, मात्र घेताना त्यावर स्टिरिओ लाइन इन आहे ना, हे विचारूनच घ्या. कित्येक स्वस्त कार्डांवर केवळ मायक्रोफोनचे भोक असते आणि अडचण जिथल्या तिथे राहते. टेपरेकॉर्डरला लाइन आउट नसेल तर हेडफोनच्या भोकातून वायर घ्या आणि त्याचा आवाज अर्ध्यापेक्षा थोडा कमी ठेवा.

वायरीच्या आधी यंत्राकडे पाहा. कानकाडीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड, म्हणजे टेप ज्यावरून घासत जाते तो धातूचा भाग, पुसा. कापसावर तपकिरी भुकटी येईल, ती टेपवरच्या लेपाची असते आणि तिच्यामुळेच आवाज बोदा येतो. रबरी रोलरही पुसून घ्या. आतला पट्टा सैल झाला असेल तर गती कमी होते आणि वडिलांचा आवाज नको इतका जाड वाटतो. तसे असल्यास पट्टा बदलून मगच मुद्रण करा. वर्षानुवर्षे पडून असलेली कॅसेट लावताच वाजवू नका, एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतील, त्यात घाई करता येत नाही. टेपची सळसळ शेवटी थोडी राहिली तरी राहू द्यावी. टाळ-मृदंगाचा चटका आणि ही सळसळ वरच्या कंप्रतांमध्ये शेजारी शेजारी असतात, आणि एक काढताना दुसऱ्याची धार जाते.

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला असला की मुद्रणात ‘हुंऽऽ’ असा संथ आवाज येतो, बॅटरीवर येत नाही. — एक वाचक, शिरपूर

उत्तर : निदान आपण स्वतःच केले आहे. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची, आणि तिची गुणगुण 50, 100, 150 अशा पटींत ऐकू येते. मुद्रण बॅटरीवरच करा. डेस्कटॉप असेल किंवा चार्जर तीन पिनांचा असेल तर घरातील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, कारण ते खराब असणे आवाजापेक्षा जिवाला अधिक घातक आहे. चार्जरची तिसरी पिन कापून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका. भारनियमनात इन्व्हर्टरवर मुद्रण टाळावे. साध्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरींची असल्याने भुणभुण अधिकच वाढते.

प्रश्न : संगणकाला नवा मॉनिटर जोडल्यापासून स्पीकरचा आवाज बंद झाला आहे. दुकानदार साउंड कार्ड बदला म्हणतो. — एक वाचक, भुसावळ

उत्तर : इतक्यात बदलू नका. एचडीएमआय वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो, आणि विंडोज पुष्कळदा मॉनिटरलाच स्पीकर समजून सगळा आवाज तिकडे पाठवते. घड्याळाशेजारील स्पीकरच्या चिन्हातून आवाज बाहेर पडण्याचे ठिकाण पुन्हा आपले जुने स्पीकर निवडा. शंभरात नव्याण्णव वेळा काम एवढ्यावर होते.

प्रश्न : तानपुऱ्याचा आणि तबल्याचा आवाज ब्लूटूथ हेडफोनमध्ये ऐकत मी भजन रेकॉर्ड करते. नंतर तबल्याचा तोच ट्रॅक गाण्याला जोडला की गाणे मागे पडलेले दिसते. शिवाय रेकॉर्डिंग सुरू होताच हेडफोनमधला तानपुरा टेलिफोनवर वाजल्यासारखा होतो. — एक वाचिका, धुळे

उत्तर : दोन्ही दोष ब्लूटूथचे आहेत. आवाज बांधून, हवेतून पाठवून, पुन्हा सोडवण्यात सेकंदाचा दशांश किंवा त्याहून अधिक वेळ जातो. तबला ऐकत आपण समेवर येता तेव्हा संगणकावरील सम पुढे निघून गेलेली असते. हा उशीर गाताना जाणवत नाही, नंतर गाणे आणि तबला एकत्र ऐकले की उघडा पडतो. दुसरे असे की हेडफोनचा स्वतःचा मायक्रोफोन वापरात आला की ब्लूटूथ संभाषणाच्या पद्धतीवर जाते आणि ऐकू येणाऱ्या आवाजाची प्रत घसरते. वायरचा साधा हेडफोन घ्या, तोही कान पूर्ण झाकणारा, म्हणजे तानपुरा बाहेर झिरपून मायक्रोफोनमध्ये शिरणार नाही. मायक्रोफोन निराळा असू द्या. आधी केलेली भजने वाया गेलेली नाहीत. ऑडॅसिटीमध्ये आपल्या आवाजाची पट्टी धरून डावीकडे किंचित सरकवा आणि पहिल्या ओळीचे पहिले अक्षर तबल्याच्या समेवर कानाने बसवा. एका बैठकीत उशीर बहुधा सारखाच राहतो, त्यामुळे सुरुवात जुळली की पुढचे भजनही जुळून येते. पुढच्या वेळी गाण्याआधी तबल्याच्या चार मात्रा कानात ऐकून त्यांवर टाळी वाजवा. त्या टाळीचे उभे टोक पडद्यावर स्पष्ट दिसते, आणि पट्टी किती सरकवायची हे तिथेच मोजता येते.