ब्रेक चीं चीं करतोय, पॅड बदलू का?

प्रश्न : आमची छोटी पेट्रोल गाडी, पाच वर्षं झाली, ४२ हजार किलोमीटर पळालीय. महिनाभर पुढच्या डाव्या चाकातनं चीं चीं आवाज येतोय, ब्रेक दाबला की जास्तच. एका गॅरेजवाल्यानं चाक न काढताच सांगितलं, पॅड आणि डिस्क दोन्ही गेलंय. दुसरा म्हणतोय काय नाही ओ, पावसाचा आवाज हाय, बिनधास्त चालवा. गणपतीला गगनबावड्यावरनं कोकणात माहेरी जायचंय. कुणाचं ऐकू? भाऊ म्हणतोय घरीच पॅड बदलतो, जमतंय का ते? — एक वाचक, कळंबा

उत्तर : ताई, कुणाचंच ऐकू नका, आधी चाक काढून बघा. चाक न काढता डिस्क गेली म्हणणारा आणि चाक न काढता काय नाही म्हणणारा, माझ्या लेखी दोघं सारखेच. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, आणि पॅड म्हणजे ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी धरणारे ठोकळे.

पावसात रात्रभर गाडी बाहेर उभी असली की डिस्कवर तांबूस गंज चढतो, सकाळी पहिले तीन-चार ब्रेक खरखरतात आणि मग गप्प. पण तुमचा आवाज महिनाभर चाललाय. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची बारीक जीभ असते, पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते, बहुतेक तेच असणार. आणि चीं चीं जाऊन खर्रर्र सुरू झालं तर समजा पॅडचं घासणारं मटेरियल संपून लोखंडावर लोखंड घासतंय, मग खरंच डिस्क जाते, तशी गाडी घाटात सोडाच, रंकाळ्यापर्यंत पण नेऊ नका.

किलोमीटरवर जाऊ नका. महाद्वार रोडच्या गर्दीत फिरणारी गाडी आणि रोज हायवेनं पुण्याला पळणारी गाडी, दोघींचे पॅड सारखे कसे झिजतील? नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० मिलिमीटर असतंय, ३ वर आलं की बदलायचं. मागची लोखंडी प्लेट मोजू नका, तिथंच लोक फसतात. आणि आतल्या बाजूचा पॅड पण बघा, कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, सरकत्या पिना जाम झाल्या असल्या की बाहेरचा चांगला दिसतो आणि आतला पार संपलेला असतो.

भावाला हात असेल तर जमतंय की, नसेल तर उद्यमनगरात जाऊन शेजारी उभं राहून करून घ्या. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकाला दगड, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग जॅक. नुसत्या जॅकवर भरवसा नाही, खाली स्टँड लावायचाच. मग खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलायचा, पूर्ण काढावा लागला तर तारेनं चाकामागच्या स्प्रिंगला बांधायचा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. जुने पॅड काढले की सी-क्लॅम्पनं, म्हणजे स्क्रूच्या शिकंज्यानं, कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन हळूहळू आत दाबायचा.

इथं एक गंमत आहे. पॅड झिजतात तसं बॉनेटखालच्या छोट्या टाकीतलं ब्रेक ऑईल खाली येतं, आणि मधल्या सर्व्हिसिंगला कुणीतरी ते वरपर्यंत भरून ठेवतं. आता पिस्टन आत दाबला की जास्तीचं ऑईल वर येऊन सांडतं आणि ज्या रंगावर पडतं तो रंग सोलून काढतं. म्हणून आधी झाकण उघडून बघा, जास्त असेल तर थोडं काढून घ्या. हे ऑईल हवेतली ओल पितं, म्हणून दोन वर्षांत बदललं नसेल तर आत्ताच बदला. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, पण पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचा हात पण लागू देऊ नका. डिस्कवर खोल चऱ्या नसतील आणि जाडी तिच्यावर लिहिलेल्या कमीत कमी आकड्याच्या वर असेल तर डिस्क बदलायचं काही कारण नाही.

सगळं बसलं की गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल दहा-बारा वेळा मारा, कडक लागेपर्यंत, म्हणजे आत दाबलेला पिस्टन परत पॅडला टेकतो. मी एकदा विसरलो. गल्लीतनं गाडी काढली, ब्रेक दाबला तर पेडल थेट खाली, आणि गाडी जाऊन टेकली शेजाऱ्यांच्या पाण्याच्या बॅरलला. बॅरल वाचलं, शेजारी अजून विचारतात, ब्रेक लागतोय का आज?

नवीन पॅड लगेच पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठवरनं दहापर्यंत हळूहळू ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, असं आठ-दहा वेळा, मधे थोडी गार होऊ द्या. गणपतीच्या आदल्या दिवशी पॅड टाकून दुसऱ्या दिवशी घाट उतरायला जाऊ नका, आठवडा आधी करा. आणि उतरताना गाडी दुसऱ्या गिअरात ठेवा, सारखा ब्रेक धरून ठेवला की नवीन पॅड पण तापून पकड सोडतात, करपल्याचा वास आला की बाजूला घेऊन थांबायचं, चाकावर पाणी ओतायचं नाही.

प्रश्न : एकाच चाकाचा पॅड संपलाय, तेवढाच बदलला तर चालतंय का? — एक वाचक, कागल

उत्तर : नाही चालत. दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. सेट दोन्ही चाकांचा मिळूनच येतो, त्यामुळं वाचणार पण काही नाही. एकच बाजू का संपली ते मात्र शोधा, तिकडची पिन नाहीतर पिस्टन अडकत असणार.