सत्तरीच्या आईला आणि दोन लहान मुलांना घेऊन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ॲसाटीग बेटावर तंबूत राहता येईल का? कधी जावं?

येईल. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा त्या बहात्तरच्या होत्या आणि नातवंडांपेक्षा त्याच जास्त रमल्या. जुलैत मात्र जाऊ नका. आम्ही जुलैत गेलो, कारण भावोजींना सुट्टी तेव्हाच होती. आमच्या घरात भावोजींचं कॅलेंडर हेच पंचांग.

बेट मेरिलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत विभागलेलं आहे. तंबू मेरिलँडच्या बाजूलाच लावता येतो, व्हर्जिनियाच्या हद्दीत मुक्कामाला परवानगी नाही. मी वाळूसाठी हातभर लांब खुंट्या नेल्या होत्या. भावोजींनी दुकानात तंबूबरोबर आलेल्या वीतभर तारा आणल्या, वर मलाच विचारलं, "वहिनी, म्हशी बांधायच्यात का?" रात्री अकराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटला आणि त्यांचा तंबू बसला. मग ते, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा आमच्या तंबूत. चार जणांच्या तंबूत आम्ही आठ. सासूबाई म्हणाल्या, "कऱ्हाडला लग्नघरात असंच झोपायचो", आणि पाच मिनिटांत घोरायला लागल्या.

पहाटे बाहेर खडखड झाली. चेन उघडून बघते तर लाकडी टेबलावर आमचा कूलर उघडा आणि एक तांबूस घोडी त्यात मानेपर्यंत. सासूबाईंनी दोन दिवस खपून केलेल्या गुळाच्या दशम्या फॉइलसकट ओरपत होती. शेजारी शिंगरू काकडी खात उभं. सासूबाई "हैक, हैक" करत निघाल्याच होत्या, मी पदर धरून मागे ओढलं. ही घोडी पाळीव दिसतात, पण रानटीच आहेत, चावतात आणि लाथा झाडतात. चाळीस फूट लांब राहायचा नियम आहे. खाजणातलं खारं गवत खाऊन सारखं पाणी पितात म्हणून सगळ्यांची पोटं सुटलेली असतात, गाभण समजू नका. थोड्या वेळाने रेंजरबाई आल्या आणि आम्हाला शांतपणे झापलं. माणसाच्या खाण्याची चटक लागली की घोडी रस्त्यावर गाड्यांपाशी येऊन उभी राहतात आणि धडकेत मरतात. सासूबाईंना दशम्यांपेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून दर गणपतीत, आरती संपून प्रसाद वाटेपर्यंतच्या वेळात, भावोजी ही गोष्ट सांगतात आणि त्यात कूलर "वहिनींनी बाहेर ठेवला". मी साडेनऊला कूलर पट्टा आवळून डिकीत ठेवला होता. सकाळच्या फोटोत, घोडीच्या कानामागे, टेबलावर सोड्याचा उघडा डबा स्पष्ट दिसतो. आमच्या घरात सोडा कोण पितं ते सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी वाळूच्या टेकड्यांमागच्या पायवाटेवर डांबराचे तुकडे दिसले. भावोजी लगेच, "इथे एक प्लॉट हवा होता." अहो, लोकांनी घेतले होते! १९५०च्या दशकात इथे रस्ता करून हजारो प्लॉट पाडले होते, त्या रस्त्याचंच हे डांबर. मार्च १९६२च्या वादळात ते सगळं वाहून गेलं आणि १९६५मध्ये सरकारने बेट राखीव केलं. म्हणून आज हॉटेलं नाहीत. बेटही एका जागी बसलेलं नाही. १९३३च्या वादळाने उत्तरेला ओशन सिटी या गावापाशी समुद्राला वाट फोडली, ती टिकवायला दगडी बांध घातले, त्यांनी वाळू अडवली, आणि उत्तरेचं टोक पश्चिमेकडे सरकत गेलं. अशा वाळूत वीतभर तारा घेऊन येणाऱ्या माणसाने प्लॉटबद्दल बोलू नये.

तर तुमचं. ऑक्टोबर उत्तम, नाहीतर एप्रिलअखेर. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलैच्या सुमारास, डास खाजणातून थव्याने येतात. वारा समुद्राकडून असला तर बरं, जमिनीकडून फिरला की डास आणि चावऱ्या माश्या दोन्ही. गवतातून आलात की मुलांच्या कानामागे आणि गुडघ्यामागे गोचीड तपासा. आईंसाठी गाडी थेट जाते अशी जागा घ्या, समुद्राकडच्या काही जागांवर सामान वाळूतून वाहावं लागतं. मुलांना खाडीकडे न्या, पाणी उथळ असतं. बुकिंग सहा महिने आधी खुलं होतं, तेव्हाच करा.

हे आधी सांगायला हवं होतं: अंघोळीला गार पाणी आणि संडासाला फ्लश नाही. आईंना विचारून घ्या. गुडघे दुखत असतील तर रात्री वाळूतून संडासापर्यंत जाणं त्रासाचं आहे, बॅटरी आणि सोबत हवीच. सासूबाईंबरोबर दोन्ही वेळा मी गेले.

आणि खाण्याचं सगळं रात्री बंद गाडीत. टेबलाखाली नाही, तंबूत तर नाहीच. गाडीची किल्ली एकाच माणसाकडे राहू द्या. त्या रात्री ती भावोजींकडे होती.