‘डोया’ आणि ‘डोळा’ : पोरांची जीभ जड नाही

साताऱ्याकडून आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बदलून आलेल्या एका सरांनी विचारलं आहे : “दुसरीची मुलं शाळेला ‘शाया’, डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. यांना ‘ळ’ उच्चारताच येत नाही का? शिवाय प्रशिक्षणात ‘स्वनिम’ असा शब्द आला होता, तो डोक्यावरून गेला. आणि हे ‘मला’चं ‘मले’ कुठून येतं?”

मी भाषेचा प्राध्यापक नाही. वावर करतो आणि रिकाम्या वेळी कोश चाळतो. पण हा प्रश्न माझ्या घरचा आहे.

आधी जिभेचं बघू. ‘ळ’ म्हणताना जिभेचं टोक उलटं वळवून टाळूला लावावं लागतं. ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘ढ’ हेही तसेच निघतात. आता ‘डोया’ हा शब्दच घ्या. त्यातलं पहिलं अक्षर ‘डो’. जो पोरगा ते खणखणीत म्हणतो, त्याची जीभ वळते की नाही? प्रश्न जिभेचा नाहीच. त्याच्या वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ आहे, एवढंच. पूर्वेला भंडारा-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत गेलात तर हाच ‘डोया’ तुम्हाला ‘डोरा’ म्हणून भेटेल.

आता स्वनिम. तोंडातून निघतो तो प्रत्येक ध्वनी म्हणजे स्वन. त्यातला जो बदलला की अर्थ बदलतो, तो स्वनिम. ‘पंखा’ आणि ‘पंत’ म्हणून पाहा. दोन्ही अनुस्वारांना जीभ वेगवेगळ्या जागी लागते, पण त्या फरकावर मराठीत अर्थ ठरत नाही. उलट ‘गाल’ आणि ‘गाळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’. इथे एकाच ध्वनीने शब्द फिरला, म्हणून प्रमाण मराठीत ‘ल’ आणि ‘ळ’ हे दोन स्वनिम. स्वनिम ओळखायला अशी जोडी शोधायची. आणि अक्षर म्हणजे स्वनिम नव्हे, हेही ध्यानात ठेवा : ‘जरा थांब’मधला ‘ज’ आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण यातला ‘ज’ वेगळे, तरी लिहितो आपण एकच अक्षर.

याच रीतीने ‘गाळ’ आणि ‘गाय’ ही तुमच्यासाठी जोडी झाली. आमच्याकडे दोन्ही ‘गाय’. उन्हाळ्यात कोणी सांगितलं, “इहिरीतला गाय काढला”, तर घाबरून दोर घेऊन धावू नका. ‘काढला’ म्हटलं आहे, म्हणजे गाळ. ‘काढली’ म्हणाला असता तर मात्र धावायचं. ध्वनींतला भेद मिटला तिथे लिंगाने काम भागवलं. तसंच पोळा आणि पोळ्या दोन्ही ‘पोया’, पण “पोयाले पोया केल्या” यात बैलांचा सण कोणता आणि पुरणाच्या कोणत्या, याचा घोळ आजवर कोणाच्या स्वयंपाकघरात झालेला नाही.

दोन ध्वनी असे एक होणं हे काही वऱ्हाडीचंच खूळ नव्हे. ‘विशेष’ मोठ्याने म्हणा. त्यातला ‘श’ आणि ‘ष’ तुम्ही खरंच वेगळा काढता? बहुतेक शिकलेला मराठी माणूस काढत नाही, लिहिताना मात्र पाठांतराने बरोबर लिहितो. हिंदीवाल्यांची तर ‘होली’च आहे. आणि ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘अग्निमीळे’ असताना पुढच्या अभिजात संस्कृतात ‘ळ’ उरला नाही. कालिदासाला कोणी वाचादोषी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

वर्गात खरी अडचण येते ती लिहिताना, आणि तीही उलट्या बाजूने. चौथीत मी निबंधात लिहिलं होतं, “वावरात बाळा निंदायला गेल्या.” गुरुजींनी वर्गासमोर वाचून दाखवलं, सगळे हसले. मी हिशेब केला होता : घरी ‘य’ तर वहीत ‘ळ’. मग ‘बाया’चं ‘बाळा’. चूक झाली, पण नियम लावूनच झाली. तुमच्या वर्गात कोणी ‘माझ्या पाळाला लागले’ असं लिहिलं, तर ते पोरगं ऐकतंय, विचार करतंय, एवढं समजा आणि लाल शाई जरा जपून वापरा.

करायचं काय? ‘पाय–पाळ’, ‘साय–साळ’, ‘माया–माळा’ अशा जोड्या आधी नुसत्या ऐकवा, मग चित्रावर बोट ठेवायला सांगा, लिहिणं त्यानंतर. ‘यादी’, ‘येणे’ यांसारख्या शब्दांत गोंधळ होणार नाही, कारण मराठी शब्दाची सुरुवात ‘ळ’ने होत नाही. आणि “घरी डोया, वहीत डोळा” असं सरळ सांगा. “डोया चूक” म्हणालात, तर ते पोराच्या आजीला चूक म्हटल्यासारखं होतं, आणि आजी घरी गेल्यावर भेटते.

राहिलं ‘मले’. तो ध्वनीचा मामला नाही. तसा असता तर ‘लाडू’चाही ‘लेडू’ झाला असता. लाडू आमच्याकडेही लाडूच. इथे बदलला आहे तो विभक्तीचा प्रत्यय : तुमचा ‘ला’, आमचा ‘ले’. म्हणून तो ‘मले’, ‘तुले’, ‘गावाले’ सगळीकडे एकसारखा लागतो. ‘ळ’च्या धड्यात त्याला घुसवू नका, त्याचा तास वेगळा घ्या.