पहिल्या दिवशी ८००, दुसऱ्या दिवसापासून २००: यात चूक नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लावणीत सासऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) झाला, किडन्यांनी काम सोडलं, मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागलं. ते थांबलं तोच पुन्हा ताप, आणि ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, कँडिडा ट्रॉपिकॅलिस ही बुरशी. आधी कॅस्पोफंजिन हे बुरशीवरचं औषध, पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ आणि मग रोज ५०. कल्चरचा पूर्ण रिपोर्ट आल्यावर बुरशीवरचंच दुसरं औषध, फ्लुकोनॅझोल ८००, आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम २००. खर्च परवडणार नाही म्हणून औषध कमी केलं का, असं तुम्ही विचारलंय.

तसं नाही. माडा-पोफळीच्या बागेतला हौद आठवा. रिकामा हौद भरायला किती पाणी लागेल ते हौदाच्या मापावर ठरतं. भरल्यावर रोज किती सोडायचं ते मोरीतून किती वाहून जातं त्यावर. फ्लुकोनॅझोल अंगातल्या सगळ्या पाण्यात पसरतं, म्हणून पहिला डोस वजनावर: किलोला १२ मिग्रॅ. ६६ किलोला ७९२, म्हणजे ८००. हा लोडिंग डोस टाळला तर औषधाची पातळी यायला पाच-सहा दिवस जातात, आणि रक्तात बुरशी असताना तेवढे दिवस हातात नसतात.

पुढचा रोजचा डोस एरवी निम्मा, ४००. पण हे औषध बहुतेक लघवीवाटे जातं. क्रिएटिनीन क्लिअरन्स, म्हणजे किडन्या मिनिटाला किती मिली रक्त साफ करतात ते माप, ५० च्या खाली असेल तर त्याचाही निम्मा, २००. कॅस्पोफंजिनला किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही, तिथे लिव्हर बघायचं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. लेप्टोतल्या किडन्या बहुधा सुधारतात, आणि कधी कधी चार दिवसांत. मोरी मोकळी झाली की २०० पुरत नाही. माझ्या एका पेशंटचं क्रिएटिनीन (किडन्या सुधारल्या की रक्तातलं हे प्रमाण उतरतं) उतरत गेलं, आम्ही खूश होतो, आणि चार्टवर डोस मात्र तीन दिवस तोच राहिला. कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आलं तेव्हा लक्षात आलं. पेशंट बरा झाला, पण त्या तीन दिवसांची रुखरुख अजून जात नाही. म्हणून रोज राउंडला डॉक्टरांना विचारा, ‘आजचं क्रिएटिनीन किती, आणि डोस तोच ठेवायचा का?’ विचारण्यात संकोच नको. स्वतःहून मात्र गोळी वाढवू नका.

सलाईनऐवजी गोळी दिली तरी घाबरू नका. पोट नीट चालत असेल तर फ्लुकोनॅझोलची गोळी जवळजवळ पूर्ण रक्तात उतरते. सासरे मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात ना? या औषधाबरोबर साखर फार खाली जाऊ शकते, ते आजच सांगा. मानेतली नळी अजून असेल तर ती काढायचं विचारा, बुरशी तिच्यावर चिकटून राहते.

ताप गेला म्हणून औषध थांबत नाही. पहिलं निगेटिव्ह कल्चर ज्या दिवशी घेतलं, त्या दिवसापासून १४ दिवस मोजायचे, तेही बुरशी दुसरीकडे कुठे बसली नसेल तर. डोळ्याच्या पडद्यावर ती बसू शकते आणि पेशंटला कळतही नाही. बाहुली मोठी करून पडदा तपासला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाला नसेल तर उद्या सकाळी तेच आधी विचारा, कारण तिथे काही सापडलं तर १४ दिवसांचे निदान चार ते सहा आठवडे होतात.